दोन फूट फवारणीचा पाइप

मी पोटासाठी गळती शोधतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रबरी नळ्या तयार होतात. त्या बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. नळीत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि बुडबुडा येतो का ते बघत उभं राहायचं. एक बुडबुडा दिसला तरी नळी बाद. अठरा वर्षं मी हेच करतो आहे. खात्यातले लोक मला पाठीमागे 'बुडबुडा साहेब' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की बिचाऱ्याला कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

आमचा मखमलाबादच्या बाजूला फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. घर मळ्यापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि घरात मी, बायको आणि आई. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, तेव्हापासून मळा आई बघते. सकाळी कामावर जाताना मी तिला मळ्यात सोडतो, संध्याकाळी परत आणतो आणि फुलांचे कॅरेट पंचवटीत आमच्या नेहमीच्या हारवाल्यांकडे टाकतो. मळ्यात तोडणीला दोन बायका असतात. त्यातली एक पेठकडची मावशी, आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे. दुसरी येत-जात असते.

मळ्यात पत्र्याची एक शेड आहे. तीन बाजूंनी पत्रे, चौथी बाजू उघडी. त्या बाजूला ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असते, पाऊस आला की खाली सोडायची. आत कॅरेट, दोऱ्याची रिळं, फवारणीचा पंप, नानांची जुनी खुर्ची. खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली, तोंडाला गच्च गाठ मारलेली. ती आईची. तिला हात लावायचा नाही असा आईचा दंडक होता. सातबाऱ्याचे किंवा बँकेचे काही कागद असतील, असं मी धरून चाललो होतो.

आणि ह्या शेडमध्ये माझी शेगडी होती. सात-आठ वर्षांपूर्वी कारखान्यातल्या आम्हा चौघांना गड चढण्याचं वेड लागलं. मी उत्साहाने पाय दुमडणारी कॅम्पिंगची शेगडी मागवली, सोबत पाच किलोचा छोटा सिलिंडर. एका गडाच्या पायथ्याशी आम्ही तिच्यावर पोहे केले. गडाच्या माथ्यावर मात्र ती कधी पोचली नाही, कारण तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते. मग ती माळ्यावर गेली आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या हाताला लागली.

"ही काय रे?"

"डोंगरावर चहा करायची शेगडी."

"चहा प्यायला डोंगरावर कशाला जायला पायजे? मळ्यात ने."

तेव्हापासून मळ्यातला दहाचा आणि दोनचा चहा तिच्यावर होतो. आई कोणाला शेगडीला हात लावू देत नाही. बायका फुलं तोडतात, आई चहा टाकते आणि हाक मारते. नाना गेल्यावर मळ्यात तिचा म्हणून जो काही रुबाब उरला होता, त्यातला निम्मा त्या चहाच्या पातेल्यात होता.

गणपती गेले त्याच्या पुढच्या रविवारी आई मला म्हणाली, "ती नळी बघ बरं. चिरल्यावानी दिसती."

मी वाकून बघितलं. बर्नरकडच्या टोकाला रबर भाजून भाजून चिरलं होतं, उन्हाळ्यात तळ्याचा तळ फाटतो तसं. नाक जवळ नेलं तर गॅसचा भपकारा आला. मी दचकून मागे झालो.

"आई, अगं केवढा वास येतोय! तुला कळलं नाही?"

"शेड उघडी हाय, वाऱ्यावर जातो तो," ती म्हणाली आणि शेवंतीच्या कॅरेटकडे वळली.

मला ते पटलं. आपल्याला जे सोयीचं असतं ते लगेच पटतं.

आता करायला हवं होतं ते सोपं होतं. शेगडी बंद ठेवायची, सोमवारी गावातून गॅसची नवी नळी आणायची, बसवायची. पण मी फुलवाल्याचा मुलगा. मळ्यात वाढलेल्या माणसाला एक रोग असतो. काही तुटलं की तो दुकानाकडे बघत नाही, शेडच्या कोपऱ्याकडे बघतो. ठिबकचा जोड, सायकलची ट्यूब, बांधायची तार, ह्यात सगळं जग दुरुस्त होतं अशी आमची श्रद्धा. नानांनी एकदा पाण्याच्या मोटारीचा पंखा पत्र्याच्या डब्यातून कापून बसवला होता आणि तो हंगामभर चालला. त्या पंख्याची गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेली आहे.

कोपऱ्यात फवारणीच्या पंपाचा पिवळा पाइप पडला होता. मनात म्हटलं, हा पंपाचा एवढा दाब सोसतो, गॅसचा दाब ह्याच्यापुढे म्हणजे फुंकर. दोन फूट तुकडा कापला. टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि नोझलवर दाबून बसवली. अगदी मापाची बसली. ठिबकचे दोन क्लॅम्प आवळले आणि शेगडी पेटवली. निळी, सरळ ज्योत. वास नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी आईला बोलावून ते दाखवलं.

"नानांवर गेलास," ती म्हणाली. ह्याहून मोठी पदवी आमच्या घरात नाही.

साबणाचा फेस लावून मी ते जोड बघितले नाहीत. साबण हौदाच्या कट्ट्यावर होता. शेडपासून हौद पन्नास पावलं आहे, नंतर मी मोजली. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या नळ्या पाण्यात बुडवणारा माणूस आईच्या नळीसाठी पन्नास पावलं चालला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्यापाशी दिवाही होता आणि अंधार कुठे असतो ते कळायची अक्कलही होती.

मी फक्त एवढं म्हणालो, "आई, थोडे दिवस लक्ष ठेव. गॅसचा वास आला की लगेच नॉब बंद करायचा आणि मला फोन."

"हो रे, कळतं मला," ती म्हणाली.

पितृपक्षाचा पंधरवडा गेला. घट बसले. झेंडूला मागणी सुरू झाली आणि आमची झोप उडाली. रोज संध्याकाळी आईला स्कूटरवर बसवताना मी विचारायचो, "गॅस ठीक आहे ना?" ती म्हणायची, "ठीक हाय." चार-पाच दिवसांनी मी विचारणंही सोडून दिलं.

अष्टमीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दसऱ्याचा माल काढायचा होता. परतीचा पाऊस सकाळपासून भुरभुर करत होता. दोनच्या सुमाराला मी मळ्यात पोचलो, स्कूटर बांधावर लावली. पेठची मावशी आणि दुसरी बाई डोक्यावर प्लास्टिक घेऊन झेंडूच्या सरीत होत्या. शेडची ताडपत्री खाली सोडलेली होती आणि वारा आत शिरू नये म्हणून कडेला विटा ठेवून दाबलेली होती.

शेडपासून दहा पावलांवर मला वास आला.

मी ते क्षण खूप वेळा आठवले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो. आधी मला वाटलं, कुठला तरी ट्रक गेला असेल. मग वाटलं, आपल्या नाकाचा भास. मग आतून आवाज ऐकू आला. टक्. टक्. टक्.

ताडपत्री उचलली तर त्या वासाने माझे डोळे चुरचुरले. आत आई पाटावर बसली होती. पुढ्यात शेगडी, शेगडीवर चहाचं पातेलं, बर्नर चालू केलेला, आणि हातात लायटर. ती अगदी शांतपणे लायटर दाबत होती. मला बघून म्हणाली, "बघ ना, पावसानं ओला झाला वाटतं. मघापासून पेटंना."

माझ्या तोंडातून जे निघालं ते ओरडणं नव्हतं, जनावर हंबरतं तसलं काहीतरी होतं. मी तिच्या हातावर फटका मारला. आईच्या हातावर. लायटर उडून झेंडूच्या ढिगात पडला. मी सिलिंडरचा नॉब बंद केला, तिला काखेत धरून उचललं आणि ओढत बाहेर आणलं. पातेलं लवंडलं, चहाचं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. बाहेर चिखलात आम्ही दोघं उभे राहिलो.

आणि तेवढ्यात तिने माझा हात झटकला आणि परत आत गेली.

सत्तरीची बाई, गुडघ्यांनी बेजार, ती त्या गॅसने भरलेल्या शेडमध्ये तुरुतुरु गेली, खिळ्यावरची पिशवी काढली, छातीशी धरली आणि बाहेर आली. मी नुसता बघत राहिलो. माझा जीव जातोय आणि हिला सातबारा सुचतोय!

मग मी जो तोल सोडला त्याची मला आजही लाज वाटते. मी ताडपत्री ओढून फाडली, विटा भिरकावल्या, सिलिंडर उचलून लांब बांधावर नेऊन ठेवला आणि आईवर ओरडत सुटलो. "मेली असतीस! ह्या बायका मेल्या असत्या! एवढा वास येतोय, दहा पावलांवरून येतोय, तू त्यात बसून लायटर मारतेस? तुझं नाक काय गहाण टाकलंय का?"

आई पिशवी छातीशी धरून खाली बघत राहिली. पाऊस तिच्या कपाळावरून ओघळत होता.

पेठची मावशी ओरडा ऐकून सरीतून आली होती. तिने आपल्या डोक्यावरचं प्लास्टिक काढून आईच्या डोक्यावर धरलं आणि मला म्हणाली, "दादा, त्यांच्यावर कशाला वरडता? त्यांना वास येत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी नाय येत. कशाचाच. लय दिवस झालं. मागं कॅरेटखाली घूस मरून पडली व्हती, दोन दिस त्या तिथंच बसून हार करत व्हत्या. आमी विचारलं तवा म्हणल्या, पोराला सांगू नका." मग जरा अपराधी होऊन म्हणाली, "चहाच्या टायमाला मी बघायची आधी वास. आज पावसानं सरीतच ऱ्हायले."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, काही तरीच. ती म्हणाली नाही.

मला धक्का गॅसचा बसला होता, पण तसला धक्का थोड्या वेळाने उतरतो. हा दुसरा मात्र अजून उतरलेला नाही. दहा वर्षं आमच्याकडे रोजाने येणाऱ्या बाईला जे माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं. ती बाई रोज न बोलता माझ्या आईचं नाक होऊन राहिली होती, आणि मी, त्या माउलीचा एकुलता एक मुलगा, संध्याकाळी स्कूटरला किक मारता मारता विचारत होतो, गॅस ठीक आहे ना.

करोना आमच्या घरात आला तेव्हा चौघांनाही आला होता. माझा वास बारा दिवस गेला. मी त्याचा केवढा गाजावाजा केला होता! कांदा हुंगून बघ, कापूर हुंगून बघ, फोनवर मित्रांना रोजचा अहवाल. तेराव्या दिवशी मला बायकोच्या आल्याच्या चहाचा वास आला आणि मी टाळी वाजवली. बायकोचाही वास परत आला. आईला आम्ही विचारलंच नाही. कारण त्याच दिवसांत नाना दवाखान्यात होते, आणि नंतर नाना नव्हते.

बांधावर उभ्या उभ्या मला एकेक गोष्ट आठवायला लागली. गेली काही वर्षं आई फोडणी टाकताना बायकोला हाक मारायची, "बघ गं, मोहरी झाली का." आम्ही म्हणायचो, आता सुनेच्या हाती कारभार दिला. एकदा दूध उतू जाऊन, करपून पार कोळसा झालं, ती शेजारच्या खोलीत जपमाळ ओढत होती. आम्ही म्हणालो, आईला ऐकू कमी येतं. एकदा नासलेलं ताक तिने पाहुण्यांना दिलं. आम्ही म्हणालो, वय झालं. दर वेळी आम्ही तिच्यावर हसलो. तीही आमच्याबरोबर हसली.

आणि मळ्यात? तुम्ही म्हणाल, फुलांच्या धंद्यात बाईला वास येत नाही हे लपेल कसं? तिथेच तर ते लपलं. आमच्या घरात फूल हुंगायचं नाही. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, आणि आमचं जवळजवळ सगळं फूल देवालाच जातं. लहानपणी गुलाब नाकाला लावला म्हणून मी आईच्या हातची थप्पड खाल्ली आहे. मळ्यात आम्ही फूल डोळ्यांनी बघतो, बोटांनी दाबतो, देठ मोडून बघतो, नाकाजवळ नेत नाही. फुलांत आयुष्य काढलेली बाई फुलं हुंगत नाही, ह्यात कोणाला काय खटकणार?

हा नियम फक्त नाना मोडायचे. सकाळी तोडणीच्या वेळी एक गुलाब तोडून, डोळे मिटून छाती भरून हुंगायचे. आई ओरडायची, "देवाचं हाय ते!" नाना म्हणायचे, "आता माझं झालं." आणि फूल शर्टाच्या खिशात. रोज हेच. मला तर पुष्कळ दिवस वाटायचं की हा त्यांचा काही नवस आहे.

त्या दुपारी मी आईला आणि मावशीला बांधावर आंब्याखाली बसवलं आणि तसाच ओल्या कपड्यांनी गावात गेलो. गॅसची खरी नळी आणली, नारिंगी, आत तारेची जाळी असलेली. नवे क्लॅम्प आणले. नवा लायटरही आणला. परत आलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि शेडमध्ये वारा खेळत होता. नॉबला हात लावण्याआधी मी पुन्हा पुन्हा नाक लावून बघितलं.

जुना पिवळा तुकडा काढला. तो हातात लाकडासारखा ताठ लागला. गॅसने त्याचा मऊपणा शोषून घेतला होता, आणि क्लॅम्पखाली एक चीर पडली होती, बोटाच्या पेराएवढी लांब. फवारणीचा पाइप दाब सोसतो, हे खरं. गॅस त्याला आतून खातो, हेही खरं, आणि हे मला माहीत असणं माझी नोकरी आहे. माझ्या टेबलावर असा तुकडा कोणी आणला असता तर मी त्याला सगळ्या खात्यासमोर सोलून काढला असता. मी तो तुकडा खिशात घातला. तो आता कारखान्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोणी विचारलं तर सांगतो, नमुना आहे.

नवी नळी बसवली. मग पन्नास पावलं चालून हौदावरून साबण आणला. तांब्यात फेस केला आणि आईला जवळ बसवलं.

"हे बघ. रोज सकाळी नॉब चालू करायचा, पण पेटवायचं नाही. हा फेस इथे, इथे आणि इथे लावायचा. बुडबुडा फुगला की समजायचं गळतंय. नाक लागत नाही. डोळे आहेत ना तुझे?"

"डोळं हायत," ती म्हणाली.

तिने बोटाने फेस लावला, अगदी देवाला गंध लावावं तसा. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. फेस तसाच राहिला, एकही बुडबुडा फुगला नाही. मी शेगडी पेटवली, मावशीने चहा टाकला. आईने तिला टाकू दिला, तेव्हा मला कळलं की ती किती घाबरली आहे. तिच्या मनगटावर माझ्या फटक्याचा लाल वळ उठला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून तिने पदर पुढे ओढला.

बायका परत सरीत गेल्यावर मी विचारलं, "आई, तू सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं?"

ती दोऱ्याचं रीळ उगाच गुंडाळत होती. "कधी सांगायचं व्हतं? तुझे नाना दवाखान्यात. मग नाना गेले. माणूस गेलं तिथं माझा वास गेला म्हणून काय रडत बसायचं? लाज वाटली मला." रीळ खाली ठेवून म्हणाली, "वाटलं, तुझा आला तसा माझा बी येईल. येतो येतो म्हणता राहून गेलं. मग सांगितलं असतं तर तू चूल बंद केली असती, मळा बंद केला असता. घरी बसवलं असतं मला."

बसवलं असतं. तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी म्हणालो, "नाही बसवणार." आणि तिला मारल्याबद्दल काहीतरी बोलायला गेलो, तर मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेला माणूस झेंडूच्या ढिगाशेजारी बसून रडला. आई म्हणाली, "पुरे. फुलं भिजतील." ही तिची नेहमीची थट्टा, मी लहान असल्यापासूनची.

मी डोळे पुसले आणि पिशवीकडे बोट दाखवलं. ती अजून तिच्या मांडीवर होती. "आणि हे काय आहे? ह्यासाठी तू मरायला आत गेलीस? कागद काय परत काढता येत नाहीत?"

"कागद नाय."

तिने गाठ सोडायला घेतली. बोटांनी सुटेना. दातांनी ओढली. आतून एक शर्ट निघाला, बारीक निळ्या चौकटीचा, मळलेला, कॉलर काळी पडलेली. नानांचा. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी ते मळ्यात आले होते, अंगात ताप होता म्हणून शर्ट काढून खिळ्याला टांगला होता आणि बनियनवर घरी आले होते. तो धुतलेला नव्हता.

"ते गेले त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आले मी मळ्यात," आई म्हणाली. "हा दिसला. तोंडाला लावला. काहीच नाय आलं. कोऱ्या कापडावानी. मग म्हटलं, उडून नको जायला. पिशवीत बांधून ठेवला. नाक आलं की हुंगीन."

माझ्या डोक्यात गॅस नव्हता, नळी नव्हती, काहीच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं ही बाई रोज सकाळी ह्या शेडमध्ये येत होती आणि खिळ्यावरची गाठ घट्ट आहे ना ते बघत होती.

तिने शर्ट माझ्यापुढे धरला. "तू बघ बरं. हाय का अजून?"

मी तो तोंडावर घेतला. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, नाना घ्यायचे तसा. प्लास्टिकचा वास आला. थोडा कुबट, बंद कपाटाचा असतो तसा. मी पुन्हा श्वास घेतला. कॉलरपाशी, काखेपाशी, खिशापाशी. कुठेच काही नव्हतं. कधी उडून गेलं होतं कोण जाणे, पहिल्याच वर्षी गेलं असेल. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मघाशी फेसाकडे बघत होती तशी.

"आहे," मी म्हणालो. "तंबाखूचा येतोय. घामाचा. आणि खिशापाशी जरासा गुलाबाचा."

कारखान्यात मी इतकं धडधडीत खोटं आजवर कधी लिहिलेलं नाही.

आईचा चेहरा उजळला. "चोर व्हते ते," ती म्हणाली. "रोज एक फूल खराब करायचे." मग शर्टाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"तू बांध गाठ," ती म्हणाली. "तुझ्या हाताची घट्ट बसती."

मी बांधली. वरून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी आवळली आणि पिशवी खिळ्याला परत टांगली. मग आम्ही झेंडूचे कॅरेट भरायला घेतले, कारण पंचवटीत हारवाले वाट बघत होते.